आधी पत्राचं, मग शाळेचं

मामेबहिणीचा फोन आला तेव्हा दसरा नुकताच झाला होता. मी बुलढाण्याला एका शाळेत शिक्षिका आहे, आणि संध्याकाळी घराच्या पुढच्या खोलीत शिष्यवृत्तीला बसणाऱ्या मुलांना शिकवते. माझ्याकडची मुलं सहसा त्या परीक्षेत अडखळत नाहीत. माझ्या आईनं ही गोष्ट सगळ्या नातेवाइकांना इतक्या वेळा सांगितली आहे की ती पुण्यापर्यंत पोचली यात नवल नव्हतं.

"अगं, तुझ्याशिवाय कुणाला विचारू?" बहीण म्हणाली. "हिचा पाचवीचा प्रवेश आहे. तीन शाळा बघून ठेवल्यात. माहितीपुस्तकं तुला पाठवते. पण खरं सांगू, मला एकच हवीय. आपण दोघी लहानपणी जिच्या परीक्षेला बसलो होतो ना, तीच. मला नाही मिळाली, हिला तरी मिळू दे. दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस तुझ्याकडे पाठवू का? तू तयारीही करून घे आणि बघून सांग, काय करू ते."

"पाठव की," मी म्हटलं. आवाज गोड ठेवायला मला काही कष्ट पडले नाहीत.

त्या शाळेचं आधी सांगायला हवं. मी सोनाळ्याची, इकडच्याच एका गावची. दहा वर्षांची असताना माझ्या आईच्या डोक्यात आलं की पोरगी हुशार आहे, तिला पुण्याला तिच्या मामाकडे ठेवावं. मामा तयार झाले. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. त्या शाळेत पाचवीला परीक्षा घेऊन मुली घेत, म्हणून एप्रिलमध्ये आम्ही दोघी एकाच वर्गात पुढे-मागे बसून पेपर लिहिले. मग एकेकीला आत बोलावलं. आतल्या बाईंनी मला विचारलं, "घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, "मले दोन भाऊ हायेत." बाई हसल्या. पुढे त्यांनी काय विचारलं आणि मी काय सांगितलं, यातलं मला काही आठवत नाही. ते हसणं मात्र जसंच्या तसं आठवतं.

महिन्याभरानं मामींनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं की दोघींचाही नंबर लागला नाही. बहिणीला त्यांनी दुसऱ्या एका चांगल्या शाळेत घातलं. माझी आई मला परत न्यायला आली, तेव्हा मामी तिला स्वयंपाकघरात म्हणाल्या, आणि मी दाराशीच उभी होते, "वन्सं, मले-तुले करणाऱ्या मुलीला तिथं कोण घेणार? तोंड उघडलं आणि संपलं."

परत आल्यावर मी ते वऱ्हाडी बोलणं सोडून दिलं. रेडिओवरच्या बायकांसारखं बोलायला लागले. भाऊ मला पुणेकरीण म्हणून चिडवायचे. आई काही म्हणाली की मी तिचं वाक्य मनातल्या मनात दुरुस्त करायचे. आईचं बोलणं दुरुस्त करणारी मुलगी किती वाईट असते, हे मला फार उशिरा कळलं. पण त्या वयात माझी खात्री होती की माझं सगळं वाटोळं माझ्या जिभेनं केलं.

त्या फोनच्या सहा वर्षं आधी मामा शेगावला दर्शनाला आले होते. एकटेच. मी त्यांना भेटायला गेले आणि परतीच्या गाडीसाठी त्यांच्यासोबत स्टेशनवर थांबले. गाडीला तासभर उशीर होता. मामा बराच वेळ समोरच्या रुळांकडे बघत होते, मग एकदम म्हणाले, "तुझं नाव लागलं होतं."

"कशात?"

"त्या शाळेत. तुझं लागलं, हिचं नाही. पत्र आमच्या पत्त्यावर आलं. तुझ्या मामीनं फाडलं. म्हणाली, भाचीला घेतलं आणि आपल्या पोरीला नाही, हे कळलं तर पोरगी मोडून पडेल. मी गप्प बसलो. आज बोललो नाही तर मग कधी बोलेन, म्हणून."

गाडी आली, त्यांची पिशवी मी वर चढवून दिली, खिडकीतून प्रसादाचा पुडा आत दिला. दोन वर्षांनी मामा गेले. तेव्हाही मी पुण्याला जाऊन मामींच्या शेजारी बसले, त्यांना पाणी दिलं. ही गोष्ट मी माझ्या नवऱ्याखेरीज कुणालाही सांगितली नाही. आईलाही नाही, कारण ती रडली असती आणि मला रडणं नको होतं. मला संधी हवी होती.

आणि आता संधीच फोन करून विचारत होती, मुलगी पाठवू का.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मुलगी आली. नऊ वर्षांची, लांब बोटांची, चष्मा नाकावर घसरलेला. तिला काहीही विचारलं की ती आधी छताकडे बघायची. "चहात साखर घालू का?" असं विचारलं तरी छत. मग नीट विचार करून सांगायची, "अर्धा चमचा."

पहिल्या दिवशी मी तिला वेळ लावून पेपर दिला. वीस प्रश्न, वीस मिनिटं. तिनं सातच सोडवले, सातही बरोबर. दुसऱ्या दिवशी तसाच पेपर दिला आणि घड्याळ काढून ठेवलं. तिला पाऊण तास लागला. विसाच्या वीस बरोबर. एका गणिताखाली तिनं लिहिलं होतं, "हे दुसऱ्या रीतीनेही येतं," आणि ती दुसरी रीतही करून दाखवली होती. इतक्या वर्षांत अशी मुलगी माझ्या हाताखाली आली नव्हती.

मी बहिणीनं पाठवलेली माहितीपुस्तकं उघडून बसले. पहिली शाळा म्हणजे तीच, जुनी, नावाजलेली. तिथं आता परीक्षा म्हणत नाहीत, 'संवाद' म्हणतात, पण दर पंधरवड्याला चाचणी आणि चाचणीनुसार तुकडी बदलते, हे त्यांनीच अभिमानानं छापलं होतं. दुसरी नवी, काचेच्या इमारतीची, घरापासून बसनं सव्वा तास. तिसरी घराजवळची लहान शाळा, वर्गात तीस मुलं, तिच्या माहितीपत्रकावर एकही चकचकीत फोटो नव्हता. बहिणीनं ती केवळ तिच्या नवऱ्याच्या आग्रहावरून यादीत ठेवली होती.

"तू तिन्ही बघितल्यास ना?" मी मुलीला विचारलं. "कशा वाटल्या?"

छताकडे बघून झाल्यावर ती म्हणाली, "पहिलीत सगळे जिन्यात पळत होते. दुसरीत मला बसमध्ये मळमळलं. तिसरीतल्या बाईंनी मला एक प्रश्न विचारला आणि मी उत्तर देईपर्यंत त्या थांबल्या."

झालं. याहून जास्त काही तपासायची गरज नव्हती. कुणा परक्या आईनं मला विचारलं असतं तर मी एका वाक्यात सांगितलं असतं, तिसरी शाळा, आणि डोळे मिटून.

पण मी आठवडाभर काही सांगितलं नाही. तिला घड्याळाशी झुंजायच्या चार युक्त्या शिकवत राहिले. दुपारी ती शेजारच्या पोरींबरोबर खेळायची आणि त्यांची भाषा तिनं चार दिवसांत उचलली. एकदा धावत घरात आली आणि म्हणाली, "मावशी, मले भूक लागून राह्यली." मी ते दुरुस्त केलं नाही. उलट तिला तसंच्या तसं बोलत राहू दिलं. तिची आजी, म्हणजे माझ्या मामी, आणि ती दिवाणखान्यात समोरासमोर बसल्या आहेत आणि पोरगी 'मले'नं वाक्य सुरू करते आहे, हे चित्र मी दिवसातून दोन-तीनदा डोळ्यांपुढे आणायचे आणि मला बरं वाटायचं.

दहाव्या दिवशी बहिणीचा निरोप आला, आज संध्याकाळी फोन कर, प्रवेशाचे अर्ज भरायचेत, तुझं मत हवंय. मी एका कागदावर दोन ओळी लिहिल्या. एक पत्राची, एक शाळेची. नवरा समोर मेथी निवडत बसला होता. त्यानं कागद वाचला.

"दोन्ही आजच सांगनार?"

"हो."

"मंग आधी शाळेचं सांग. त्याहीले पटू दे, फारम भरू दे. बाकीचं मंग सांगजो. पत्राचं आधी काढलं तं तुह्यं पुढचं कोनी ऐकनार नाई."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

त्यानं मेथीची काडी हातात तशीच धरून माझ्याकडे बघितलं. "पोरीच्या जिवावर नको खेळू वं," एवढंच म्हणाला.

मुलगी शेजारी खेळायला गेली होती. मी फोन लावला आणि बहिणीला म्हटलं, "स्पीकरवर टाक. मामींनाही बसव."

"आई इथंच आहे. सांग, सांग."

मी सांगितलं. शेगावच्या फलाटापासून सुरुवात केली. मामांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. मागे त्यांच्या पंख्याचा आवाज येत होता. सांगून झाल्यावर मी विचारलं, "मामी, खरं आहे ना?"

मामी म्हणाल्या, "मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं."

"मग नाही म्हणा."

त्या नाही म्हणाल्या नाहीत. बहिणीचा आवाज आला, चिरका. "सहा वर्षं तुला माहीत होतं? इतकी वर्षं आमच्याकडे येत होतीस, जेवत होतीस, आणि पोटात हे?"

"तुम्ही तीस वर्षं ठेवलंत."

"मी नाही ठेवलं! मला आत्ता कळतंय!"

हे खरं होतं. तिला काहीच माहीत नव्हतं. ज्या शाळेनं आपल्याला घेतलं नाही, तिनं समोरच्या बाकावरच्या सोनाळ्याच्या मुलीला घेतलं होतं, हे तिला चाळिसाव्या वर्षी, स्वतःच्या घरात, फोनवरून कळत होतं. तिचा श्वास मला ऐकू येत होता. तेव्हाही मी थांबले नाही.

"आता तुझ्या मुलीचं," मी म्हटलं. "तिला त्या शाळेत घालू नकोस. हुशार आहे, पण तिची गती वेगळी आहे. तिथं तिचा चुरा होईल. तिसऱ्या शाळेत घाल."

बहीण हसली. ते हसणं मला हवं तसंच होतं.

"अच्छा. म्हणजे यासाठी एवढी गोष्ट. तुला नाही मिळाली म्हणून माझ्या मुलीलाही मिळू नये."

"मी खरं सांगतेय."

"उद्या आम्ही तिला न्यायला येतोय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी खरंच सांगत होते. शब्दन् शब्द खरा होता. खोटा सल्ला देऊन मी त्यांचं जेवढं वाईट केलं नसतं, तेवढं खरा सल्ला योग्य वेळी देऊन केलं, आणि उद्या कुणी विचारलं तर माझे हात स्वच्छ होते. मी स्वयंपाकघरात जाऊन नेहमीपेक्षा जास्तीचा स्वयंपाक केला आणि पोटभर जेवले. नवरा जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची गाडी दारात आली. बहीण गाडीतून उतरली नाही. तिचा नवरा आत येऊन बॅग घेऊन गेला, "येतो" म्हणाला, पाणीही प्यायला नाही. मुलगी दारात उभी राहून बोटांवर मोजत होती. "मावशी, माझे अजून पाच दिवस राह्यले ना?" मी तिच्या केसांवरून हात फिरवला.

जानेवारीत तिला त्या शाळेत प्रवेश मिळाला. माझ्या चार युक्त्या 'संवादा'त चालल्या असाव्यात. बहिणीनं घराण्याच्या ग्रुपवर फोटो टाकला, शाळेच्या फाटकासमोर मुलगी आणि तिच्या खांद्यावर आजीचा हात. खाली लिहिलं होतं, "कुणाच्या नजरेनं काही अडत नाही." सगळ्यांनी अभिनंदन केलं. मीही अंगठा टाकला. आपल्याकडे अंगठा दाखवण्याचा अर्थ वेगळाच आहे, हे टाकताना मला आठवलं आणि मी एकटीच हसले.

जून गेला, जुलै गेला. मी वाट बघत होते, हे कबूल करायला हवं. सोनाळ्याहून आईचा फोन आला की मी इकडचं तिकडचं बोलून हळूच पुण्याकडे वळायचे. पोळ्याच्या सुमारास आई म्हणाली, "त्या पोरीचं रोज सकाळी पोट दुखून राह्यलं म्हणे. डाक्टरले दाखवलं, काई निंगालं नाई. शाळेच्या टाइमलेच दुखते आन् रविवारी नाई दुखत."

"असं का?" मी म्हटलं.

"तुले काऊन एवढं बरं वाटून राह्यलं वं?"

मी म्हटलं, "काही काय बोलतेस." पण आईनं बरोबर ओळखलं होतं. मला आनंद झाला होता. लिहायला लाज वाटते, पण झाला होता. मी मामींचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, रोज सकाळी नातीच्या पोटावर हिंग चोळताना.

हा आनंद गणपती उठेपर्यंत टिकला. मग एका रविवारी दुपारी मामींच्या नंबरवरून फोन आला. उचलला तर मुलगी होती, हळू आवाजात बोलत होती.

"मावशी, आजी झोपलीय. मला एक विचारायचंय." मग नेहमीसारखी थांबली. मी छत कल्पनेनं बघितलं. "तू शिकवलेल्या युक्त्या मी विसरले का? मी अर्धा पेपर लिहिते आणि घंटा होते. मला शेवटच्या तुकडीत टाकलंय. आई म्हणते मी प्रयत्न करत नाही. मी करते. माझ्यातच काहीतरी चुकीचं आहे का?"

मी म्हटलं, "नाही गं. तुझ्यात काही चुकीचं नाही."

"मग काय चुकलं?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पुढच्या खोलीत, मुलांच्या बाकावर बसून राहिले. पुन्हा एक दहा वर्षांची पोरगी स्वतःत खोट शोधत होती, आणि ती खोट तिच्यात नाही हे माहीत असलेला माणूस गप्प होता. मागच्या वेळी गप्प बसणारी माणसं मामा-मामी होते. या वेळी मी होते.

तरी मी लगेच गेले नाही. आणखी दोन आठवडे घालवले. जायचं म्हणजे हरायचं, असं वाटत होतं. शेवटी रजा टाकली आणि पुण्याला गेले.

बहिणीनं दार उघडलं आणि बाजूला झाली, 'ये' म्हणाली नाही. मामी खुर्चीत बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. मुलगी शाळेत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

"तेव्हा शाळेचं मी सांगितलं ते खरं होतं."

"ते मला आता दिसतंय," बहीण म्हणाली. "रोज सकाळी दिसतंय."

"पण मी ते पत्रानंतर मुद्दाम सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस. तू ऐकू नयेस म्हणून मी तो क्रम लावला."

तिला अर्थ लागायला थोडा वेळ गेला. मग तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. "माझी मुलगी तुझ्या घरी जेवत होती," ती म्हणाली. "तुझ्या ताटात." आणि बाल्कनीत निघून गेली.

खोलीत मामी आणि मी उरलो. मला वाटलं होतं त्या मान खाली घालतील. त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं.

"माझ्याकडून चूक झाली, असं तुला ऐकायचंय?"

"हो."

"माझी मुलगी मोडली असती. रात्र रात्र रडली असती."

"मी रडले ना."

"तू गावाला रडलीस," मामी म्हणाल्या. "मला दिसलं नाही."

त्या घरात माझ्याशी इतकं खरं कुणी कधीच बोललं नव्हतं. मला त्यांचा संताप आला आणि त्याच वेळी मला त्यांचं म्हणणं पुरतं कळलं, कारण पुण्यातली पोरगी पोट धरून रडते ते मलाही बुलढाण्याहून दिसत नव्हतं, आणि न दिसणं फार सोयीचं होतं. पण कळलं म्हणून काही विरघळलं नाही. त्यांनी थोड्या वेळानं विचारलं, "आता तरी मनातून काढलंस का?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी मान हलवली, जशी बाजारात भाव न पटल्यावर हलवतात.

बहिणीनं पोहे केले आणि माझ्यासमोर बशी जरा जोरातच ठेवली. मी सगळे खाल्ले. निघताना तिनं फक्त एवढंच विचारलं, "तिसरी शाळा मधेच घेईल?" मी म्हटलं, "विचारून बघ. नाही घेतलं तर तिला घरी सांग की दोष शाळेचा आहे. रोज सांग."

मधे त्यांनी घेतलं नाही. जूनमध्ये सहावीला घेतलं. पोट दुखणं बंद झालं, हे मला आईकडून कळलं. मुलगी अजूनही मला फोन करते. गणितं विचारते, आणि मधे मधे 'मले' म्हणते. आता ती ते मुद्दाम म्हणते असं मला वाटतं. बहीण बोलत नाही. बोलू नये, हे मला मान्य आहे.

परवा आईचा फोन होता. "मामीले लई बरं नाई म्हणे. एकदा भेटून ये."

"माझी शाळा चालू आहे," मी म्हटलं.

दिवाळीची सुट्टी लागून तेव्हा चार दिवस झाले होते. आईला ते माहीत होतं. तिनं कपाशीचं सांगायला सुरुवात केली.